खळीने धरलेली चांदी

पाण्यात थोडा स्टार्च विरघळवायचा. त्यात सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा एक क्षार, अगदी कणभर टाकायचा. भांडं घट्ट बंद करून १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि दर चौरस इंचाला १५ पौंड दाब द्यायचा, फक्त पाच मिनिटं. हे काही अचाट आकडे नाहीत. मुलुंड-घाटकोपरच्या कुठल्याही स्वयंपाकघरात डाळ शिजताना कुकरच्या आत साधारण हाच दाब आणि हीच उष्णता असते. पाच मिनिटांनी झाकण उघडलं की मघाचं रंगहीन पाणी पिवळं झालेलं दिसतं. तो पिवळा रंग चांदीचा असतो. १० ते ३४ नॅनोमीटर आकाराचे चांदीचे कण त्या पाण्यात तयार झालेले असतात आणि तीन महिने झाले तरी ते तळाशी बसत नाहीत.

ही कृती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली ती माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून. संस्थेचं इंग्रजी लघुनाव ‘सिरकॉट’. एन. विघ्नेश्वरन आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. मला त्यातली सर्वात विलक्षण गोष्ट वाटते ती म्हणजे त्या भांड्यात काय नव्हतं. चांदीच्या क्षारातून धातू मोकळा करायला एरवी तिखट, विषारी रसायनं लागतात आणि मोकळे झालेले कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आणखी काही घालावं लागतं. इथे दोन्ही कामं एकट्या स्टार्चने केली. त्याच्या साखळीच्या टोकांनी चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन दिले, आणि मग त्याच साखळ्यांनी तयार झालेल्या प्रत्येक कणाभोवती वेटोळं घालून त्याला शेजाऱ्यापासून वेगळं ठेवलं. आपण सुती साडीला, गांधी टोपीला खळ देतो ती याच पदार्थाची.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. कापसाचा एक तंतू साधारण १५,००० नॅनोमीटर रुंद असतो. पण इतकं लहान असण्याची गंमत नुसत्या आकड्यात कळत नाही, ती पृष्ठफळात कळते. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा चांदीचा ठोकळा घ्या. वजन साडेदहा ग्रॅम, तोळ्याला थोडं कमी. त्याचे सगळे पृष्ठभाग मिळून सहा चौरस सेंटिमीटर भरतात. आता तोच ठोकळा कापून १० नॅनोमीटरचे ठोकळे केले तर चांदी तेवढीच राहते, पण उघडा पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर चारशे-चारशे चौरस फुटांच्या सोळा खोल्या, तोळाभर चांदीतून. चांदी जिवाणूंना मारते ती पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांमुळे. म्हणून एवढ्याशा चांदीत वारभर नव्हे, तागेच्या तागे कापड जिवाणूरोधक होऊ शकतं. पिवळा रंगही आकाराचाच खेळ आहे. इतक्या लहान कणात चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हेलकावतात आणि निळा-जांभळा प्रकाश गिळून टाकतात. उरतो तो पिवळा. नाण्याची चकाकी आणि हा पिवळा रंग एकाच धातूचे, हे पहिल्यांदा वाचलं की विश्वास बसत नाही.

हे सगळं माटुंग्याला का घडलं, याला इतिहास आहे. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये उभी राहिली आणि पुढच्या सत्तर वर्षांत गिरण्यांना कापसाची नीट पारख करणारी जागा हवीशी झाली. १९२४ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने माटुंग्याला प्रयोगशाळा काढली. पहिले संचालक ए. जे. टर्नर. त्यांच्यानंतर आलेले डॉ. नझीर अहमद हे केंब्रिजला रदरफोर्ड यांच्या हाताखाली शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ. अणूच्या गाभ्याचा अभ्यास केलेला माणूस मुंबईत येऊन कापसाच्या तंतूची लांबी, जाडी आणि ताकद मोजत बसला. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि तिथल्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. आपल्या उपनगरांच्या उंबरठ्यावरच्या एका इमारतीत असा माणूस काम करत होता, ही गोष्ट शाळेत सांगायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं.

माटुंग्याहून ठाण्याच्या दिशेने निघालं की शीव, कुर्ला, विद्याविहार आणि मग घाटकोपर. तिथे पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर ‘बीटीआरए’ आहे, बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन. गिरण्यांनी मिळून उभी केलेली ही संस्था १९५४ ची. ज्यांच्यासाठी ती निघाली त्या गिरण्यांचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा दवाखानाही घाटकोपरचाच. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मनोरे आले. कापडाचं ज्ञान मात्र घाटकोपर-माटुंग्यात टिकून राहिलं, आणि धोट्याच्या आवाजाऐवजी आता ते सूक्ष्मदर्शकाखाली काम करतं.

आता खुद्द कापसाकडे बघू, कारण नॅनो म्हणून जे काही आपण बाहेरून आणून कापडाला लावतो त्याहून जास्त नॅनो त्या कापडात आधीपासून आहे. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलतं त्या दिवसांत वाढू लागते आणि सुमारे तीन आठवड्यांत तीन-एक सेंटिमीटर लांब होते, स्वतःच्या रुंदीच्या जवळपास २,००० पट. मग लांबी थांबते आणि ती आतून भिंत जाड करू लागते, रोज एक थर. बोंड फुटलं की आतला रस सुकतो, नळी चपटी होते आणि पीळ घेते. त्या पिळामुळेच कापूस कातता येतो. भिंतीचे थर कशाचे? सेल्युलोजचे. ग्लुकोजचे हजारो रेणू एका रांगेत जोडून झालेल्या साखळ्या, आणि अशा काही साखळ्यांची मिळून तीन-चार नॅनोमीटर जाडीची जुडी. यवतमाळच्या काळ्या मातीत ऊन आणि पाणी यांच्यावर एक झुडूप हे करतं. माणसाच्या कुठल्याही कारखान्याला एवढ्या बारीक दोऱ्या इतक्या नीट रचता येत नाहीत.

स्टार्चही ग्लुकोजचाच. दोघांत फरक फक्त जोडणीच्या कोनाचा. एका कोनात जोडलं की साखळी वळत जाते आणि भाताची पेज होते. दुसऱ्या कोनात जोडलं की साखळी सरळ राहते, शेजारणीला घट्ट बिलगते आणि पाण्यात न विरघळणारा कापूस होतो. खळ सुती कापडावर इतकी छान का बसते, याचं उत्तर या भाऊबंदकीत आहे. दोघांच्याही अंगावर तेच हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते एकमेकांचे हात धरतात.

सिरकॉटने कापसातल्या या दोऱ्या सुट्या करण्याचं काम हाती घेतलं. जिनिंगनंतर सरकीवर जी आखूड लव राहते तिला धाग्याच्या दृष्टीने काही मोल नाही. ती लव आम्लाने किंवा विकरांनी सैल करायची, प्रचंड दाबाखाली फोडायची, की नॅनोसेल्युलोज मिळतं. या सूक्ष्म दोऱ्या पाण्यात शंभरात दोन भाग असल्या तरी त्यांचं जाळं पाण्याला थिजवून टाकतं. वजनाच्या मानाने सेल्युलोजचे स्फटिक पोलादापेक्षा ताठ असतात. २०१५ मध्ये माटुंग्याला दिवसाला १० किलो नॅनोसेल्युलोज काढणारा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. कागद बळकट करायला, कुजणाऱ्या वेष्टनाला, औषधांच्या गोळ्यांना त्याचा उपयोग आहे. दहा किलो ऐकायला थोडे वाटतात, पण याआधी माटुंग्यात हा पदार्थ परीक्षानळीत ग्रॅमने मोजला जात होता.

चांदीच्या त्याच वर्षी, २००६ मध्ये, त्याच गटाने झिंक ऑक्साइडही खळीत बसवलं. झिंक ऑक्साइड म्हणजे कॅलामाइन लोशनमधली पांढरी पूड. पांढरी दिसते कारण तिचे मोठे कण प्रकाश चारी दिशांना उधळतात. स्टार्चच्या साखळ्यांत धरलेले माटुंग्याचे कण सरासरी ३८ नॅनोमीटरचे होते, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाहून लहान. एवढ्या लहान कणांना प्रकाश फारसा अडत नाही, त्यामुळे कापडावर पांढरी पूड दिसत नाही. पण अतिनील किरण शोषण्याचा झिंक ऑक्साइडचा गुण आकाराबरोबर जात नाही. मे महिन्याच्या उन्हात पातळ पांढऱ्या सुती सदऱ्यातून बराच अतिनील प्रकाश आरपार जातो, हे अनेकांना माहीत नसतं. हे कण लावलेलं कापड तो अडवतं. शिवाय त्याच कापडाने स्टॅफिलोकॉकस आणि क्लेब्सिएला या दोन जिवाणूंचीही वाढ रोखली. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. अंधेरीहून संध्याकाळी सुटलेल्या लोकलच्या डब्यात जो वास येतो तो घाम खाऊन पोसलेल्या जिवाणूंचा. त्यामुळे वास झाकण्यापेक्षा वास करणाऱ्यांना कापडावर राहू न देणं हा सरळ मार्ग.

सिरकॉटमधल्या लोकांनी पुढे बुरशीकडूनही चांदीचे कण करून घेतले. ॲस्परजिलस फ्लेव्हस, भुईमुगाच्या दाण्यांवर विष धरणारी तीच कुप्रसिद्ध बुरशी. चांदीच्या द्रावणात सोडली तर तीन दिवसांत तिच्या पेशीभित्तीवर सुमारे ९ नॅनोमीटरचे कण जमतात, आणि स्टार्चच्या कृतीतल्या कणांपेक्षा ते जास्त एकसारखे भरतात. एकीकडे अन्न नासवणारा जीव दुसरीकडे इतकं रेखीव काम करतो.

पावसाची गोष्टही इथेच येते, कारण न भिजणारं कापडही आकाराचाच खेळ आहे. रुळांकडेच्या ओलसर जागी अळू माजतं आणि जुलैत त्याच्या पानावर थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. जर्मनीतले व्हिल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळ, अळू आणि इतर पानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याचं कारण मांडलं. पानावर बारीक उंचवटे असतात, उंचवट्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक, आणि थेंब त्या टोकांवर हवेच्या गादीवर टेकल्यासारखा राहतो. घरंगळताना तो धूळही घेऊन जातो. जलरोधक कापडासाठी उद्योगाने ही युक्ती न घेता दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त रसायनांचा सोपा रस्ता धरला. त्यांतलं पीएफओए हे रसायन निसर्गात विघटनच पावत नाही आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्यावर बंदी घातली. आता पुन्हा पानाकडे वळणं सुरू आहे. भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिकाच असते. तिच्यातून काढलेले सिलिकाचे नॅनोकण कापडावर उंचवट्यांचं काम करू शकतात. त्यावर मेण हवं, आणि मेण निसर्गात मुबलक आहे.

पण कण तयार करणं हा या विद्येतला सोपा अर्धा भाग आहे. अवघड भाग आहे तो त्यांना कापडावर धरून ठेवण्याचा. प्रयोगशाळेत कापड स्टीलच्या डब्यात साबणाच्या गरम पाण्याबरोबर घालतात, सोबत पोलादाच्या बारीक गोळ्या टाकतात आणि डबा फिरवत ठेवतात. एका प्रचलित पद्धतीत अशी ४५ मिनिटं घरच्या पाच धुण्यांइतकी मानतात. बाजारातल्या पुष्कळशा जाहिराती या डब्यात विरून जातील. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये दुकानातले चांदीयुक्त मोजे आणून नुसत्या पाण्यात धुतले. काही मोज्यांची जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. काहींची मात्र एक टक्काही गेली नाही. चांदी दोन्हीकडे होतीच, फरक होता तो तिला धरण्याच्या पद्धतीत.

ही निघालेली चांदी जाते कुठे, हे आपण उपनगरांतल्या लोकांनी विचारायलाच हवं. न्हाणीघरातलं पाणी वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप इथल्या सांडपाणी केंद्रांकडे जातं, तिथून मालाडच्या किंवा ठाण्याच्या खाडीत. घाटकोपर आणि भांडुपची तळी सांडपाणी शुद्ध करत आली ती जिवाणूंच्या जोरावरच. जिवाणू मारण्यासाठी कापडाला लावलेला पदार्थ जिवाणूंवरच चालणाऱ्या केंद्रात जाऊन पडतो. दिलासा एवढा की सांडपाण्यातल्या गंधकाशी संयोग होऊन बरीचशी चांदी सिल्व्हर सल्फाइड होते आणि तिचा दंश पुष्कळ कमी होतो. पण तेवढ्या दिलाशावर निर्धास्त राहावं असं मला वाटत नाही. ठाण्याच्या खाडीत रोहित उतरतात आणि कोळी बांधव आजही जाळी टाकतात. ज्या कापडातून काही सुटतच नाही ते कापड हवं, किंवा जे सुटेल ते निरुपद्रवी हवं.

इथे निसर्गातले पदार्थ पुन्हा पुढे येतात. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात कोळंबी सोलली की जवळपास निम्मं वजन डोकी आणि टरफलांचं निघतं. त्या टरफलांत कायटिन असतं. तीव्र अल्कलीत उकळून त्यावरचे ॲसिटिल गट काढले की कायटोसान होतं, आणि ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळतं. विरघळताना त्याच्या साखळीवर धन प्रभार येतो. जिवाणूचं बाहेरचं आवरण ऋण प्रभाराचं. कायटोसान त्याला चिकटतं आणि आवरण फाटतं. इथे धातूचा अंशही नाही. रचनेने कायटोसान सेल्युलोजचं सख्खं भावंडच म्हणावं इतकं जवळचं, तरी नुसतं लावलं तर धुण्यात जातं. म्हणून लिंबातलं सायट्रिक ॲसिड घालून कापड १५० अंशांच्या वर तापवतात. सायट्रिक ॲसिडच्या रेणूला तीन हात. एक कापसाला धरतो, एक कायटोसानला, आणि हा पक्का रासायनिक बंध असतो. खळीसारखं नुसतं बिलगणं नव्हे.

माटुंग्यालाच, सिरकॉटच्या शेजारी, १९३३ ची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. जुने लोक तिला अजून यूडीसीटी म्हणतात. तिथे प्रा. एम. डी. तेली आणि के. एच. प्रभू यांनी चिंचोक्यावर काम केलं. आपल्याकडे घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देत आले आहेत. त्यासाठी लागतो तो आतला पांढरा गर. वरची तांबूस साल फेकली जाते आणि तेली-प्रभूंनी घेतली ती ही साल. तिच्यात टॅनिन भरपूर. टॅनिनचा रेणू एका बाजूने तंतू धरतो, दुसऱ्या बाजूने रंग आणि धातू धरतो. नैसर्गिक रंगासाठी लागणारे धातूचे क्षार त्यामुळे कमी करता आले. हळद आणि डाळिंबाच्या सालीने रंगवलेल्या त्या कापडाचा जिवाणूरोधक गुण २० धुण्यांपर्यंत टिकला.

आणि केळ. केळीचा चीक सदऱ्यावर पडला की डाग जन्माचा, हे प्रत्येक आईने पोराला बजावलेलं असतं. सिरकॉटच्या एस. बसाक, कार्तिक सामंता आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास केळीच्या खोडाचा रसच कापडाला पाजला. जळगावकडे घड काढला की ते खोड बांधावर पडतं किंवा कुजतं. रसात पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, सिलिकेट, क्लोराइड असे क्षार असतात. आधी टॅनिक ॲसिड आणि तुरटी, मग खोडाचा रस, मग वाळवणं. कापड पेटायला हवेत किमान किती ऑक्सिजन लागतो हे त्याच्या ज्वलनशीलतेचं माप. साध्या सुती कापडाला १८ टक्के पुरतो, आणि हवेत २१ टक्के असतो, म्हणून ते भडकतं. रस प्यालेल्या कापडाला ३० टक्के लागला. म्हणजे साध्या हवेत त्याला ज्वाळा धरवतच नाही. ते फक्त धुमसत सरकतं, आणि तेही साध्या कापडाच्या जवळपास दहा पट कमी वेगाने. क्षार सेल्युलोजला जळाऊ वायू होण्याऐवजी कोळसा व्हायला लावतात आणि त्या कोळशाचं कवच आतलं कापड वाचवतं. कापडाला फिकट खाकी रंगही येतो, वेगळा रंग देण्याची गरज राहत नाही.

या कापडाचा उपयोग त्या शास्त्रज्ञांनी फार समजून सांगितला आहे: घरातले, रेल्वेतले, रुग्णालयातले पडदे, आणि पुस्तक प्रदर्शनं, उत्सव, धार्मिक कार्यक्रम यांचे तात्पुरते मंडप. ही सगळी कापडं आठवड्याला धुतली जात नाहीत, त्यामुळे धुण्याचा डबा त्यांचा कस तितका पाहत नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत दर भाद्रपदात गल्लोगल्ली कापडी मंडप उभे राहतात आणि त्यांच्या आत समया, निरांजनं आणि विजेच्या वायरी एकत्र नांदतात. त्या मंडपाच्या दाराशी केळीचे खुंट तर आपण बांधतोच. त्यांचा रस वरच्या कापडात उतरवण्याची कृती माटुंग्यात लिहून तयार आहे.